शांबरिक खरोलिका ते मिश्र वास्तव

जे समोर नाही ते विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे उभे करणे, ही शिक्षणाची फार जुनी गरज आहे. जैन परंपरेने ती पूर्वीच ओळखली होती. कार्तिकी पौर्णिमेस पालिताण्यास जाऊ न शकणारे श्रावक-श्राविका शत्रुंजयाच्या पटासमोर भावयात्रा करतात. पटावर गिरिराज असतो. चढण मात्र मनाने चढावयाची असते. ठाण्यात टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रतस्वामी जिनालय ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून ओळखले जाते. तेथे श्रीपाल-मयणासुंदरीची कथा शिल्पपटांतून पाहावयास मिळते. अक्षरओळख नसलेले बालकही ती कथा समजू शकते.

याच परिसरात, कल्याणमध्ये, महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ लोकांसमोर आणली. मायावी कंदील, असा या नावाचा आशय. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर पडत आणि भराभर बदलल्याने पात्रे हालत असल्याचा भास होई. सोबत निवेदन व गायन असे. मुंबईस ल्युमिए बंधूंचा चित्रपट दाखविला गेला तो ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. पुढे चित्रपटाचा प्रसार झाला आणि खरोलिका मागे पडली.

आता ‘मिक्स्ड रिअ‍ॅलिटी’ म्हणजे मिश्र वास्तव वर्गात येऊ पाहत आहे. पॉल मिलग्राम व फुमिओ किशिनो यांनी १९९४ साली ही संज्ञा रूढ केली. विशेष चष्मा लावला की समोरच्या टेबलावर संगणकाने रचलेले हृदय तरंगताना दिसते. त्याभोवती फिरून ते सर्व बाजूंनी पाहता येते. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात भावी डॉक्टर अशा रीतीने शरीररचना शिकले. त्यासाठी वापरलेला ‘होलोलेन्स’ चष्मा २०१६ साली आला; २०२४ साली त्याचे उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले. खरोलिकेस जे भोगावे लागले, ते यासही चुकले नाही.

मग टिकते काय? ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड या शिक्षकाच्या पुढाकाराने व लोकसहभागातून डिजिटल झाली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकास क्यूआर कोड जोडले. छापील पानावर मोबाइल धरताच धडा बोलू लागला. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. दोन्ही ठिकाणी साधने साधी होती, शिक्षक मात्र जागरूक होता.

शिक्षणकार्यास हातभार लावू इच्छिणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा इतिहास ध्यानी ठेवणे इष्ट होय. दात्यांच्या निधीतून महागडे यंत्र आणावे आणि शिकविणाऱ्याअभावी ते कपाटात कुलूपबंद राहावे, असे घडता कामा नये. पटासमोर भाव जागविणारे गुरू आणि खरोलिकेसोबत बोलणारा निवेदक, या दोघांची जागा आज वर्गशिक्षकाची आहे. पहिला खर्च त्याच्या प्रशिक्षणावर व्हावा. चष्मे नंतरही घेता येतील.