छपरावरची खडी आणि ह्यूस्टनच्या काचा

१/ १८ ऑगस्ट १९८३. ‘अ‍ॅलिशिया’ चक्रीवादळ टेक्ससमधील गॅल्व्हस्टनजवळ किनाऱ्यावर धडकले. तेथून सुमारे ८० किलोमीटर आत, ह्यूस्टन शहरात, उंच इमारतींच्या काचांचा रस्त्यांवर खच पडला. त्या केवळ वाऱ्याने फुटल्या नव्हत्या. पाहणीत एक प्रमुख कारण पुढे आले: आसपासच्या छपरांवरून उडालेली खडी.

२/ ही खडी छपरावर आली कशी? १८४० च्या दशकात सिनसिनाटीत वॉरेन बंधूंनी सपाट छपरांची एक नवी पद्धत रूढ केली. डांबरात भिजवलेल्या जाड कागदाचे थर एकावर एक चिकटवायचे आणि वर खडी पसरायची. पुढे गॅस कारखान्यांतून निघणारे कोळशाचे डांबर स्वस्तात मिळू लागले आणि गोदामे, गिरण्या, दुकाने या छपराखाली आली.

३/ डांबराचा खरा वैरी पाऊस नसून ऊन आहे. उन्हाळ्यात काळे छप्पर ६५ अंश सेल्सिअसच्याही वर तापते. अतिनील किरणांनी डांबर कडक होते, भेगाळते. खडी म्हणजे त्याची सावली; आगीपासूनही तीच राखते. म्हणून चौरस मीटरला सुमारे २० किलो खडी घालण्याचा प्रघात पडला.

४/ मात्र यातली बरीच खडी डांबरात रुतत नाही, सुटीच राहते. शांत हवेत ते खपून जाते. वादळात तोच प्रत्येक खडा गोफणीतून सुटल्यासारखा समोरच्या काचेवर जातो. काच फुटली की वारा आत शिरतो आणि त्या इमारतीचे छप्पर आतून उचलू लागतो.

५/ छप्पर उखडण्याची सुरुवात बहुधा काठापासून होते. वाऱ्याची उचल काठाशी आणि कोपऱ्यांत सर्वांत जास्त असते. तेथील पत्र्याची पट्टी सैल असेल, तर थर सोलले जातात. म्हणून वादळी ऋतूपूर्वी जाणता कारागीर आधी काठ तपासतो, मग पन्हळी.

६/ थरांमध्ये अडकलेली ओल उन्हाने फुगते आणि छपरावर फोड येतात. छपराखालच्या उष्णतारोधक थरात मुरलेले पाणी शोधण्यासाठी सूर्यास्तानंतर अवरक्त कॅमेरा वापरतात. ओला भाग दिवसाची उष्णता धरून ठेवतो, म्हणून तो उजळ दिसतो. तो कापून काढावा लागतो. सुटी खडी खरवडून, कोरड्या छपरावरच परावर्तक पांढरा लेप टिकतो. ओलीवर लेप दिला, तर ओल आत कोंडली जाते आणि कूज सुरूच राहते.

७/ अमेरिकेत प्रचलित असलेल्या आंतरराष्ट्रीय इमारत संहितेने २००६ च्या आवृत्तीत चक्रीवादळप्रवण प्रदेशांतील नव्या छपरांवर खडी वापरण्यास मनाई केली. पुढे छपराच्या कठड्याची उंची पुरेशी असल्यास ती वापरण्यास वाव देण्यात आला. जुनी छपरे मात्र मालकाच्या दक्षतेवरच अवलंबून राहिली.

८/ ह्यूस्टनने शिकवले ते एवढेच: छप्पर मालकाचे असले, तरी त्याच्या हयगयीची किंमत शेजारी मोजतो. गळक्या छताचा त्रास आतल्यांना होतो; उडालेल्या खडीचा मार रस्त्यापलीकडच्याला बसतो. म्हणूनच छपराची देखभाल ही केवळ मालकाची खासगी बाब उरली नाही. ती शहराच्या सुरक्षेचा भाग झाली.