मराठवाड्यातील गढी

अर्धापूर-नांदेडपासून लातूर-उदगीरपर्यंतच्या पट्ट्यात अनेक जुन्या गावांत मातीचा एक मोठा उंचवटा असतो. त्यावर एखादा खचलेला बुरूज उभा असतो, बाकी बोरी-बाभळींचे रान. ही गढी. देशमुख, देशपांडे किंवा मातब्बर पाटलाचा वाडा आणि गावाच्या रक्षणाचा कोट असे दोन्ही एकाच तटात असत.

देशमुख हा परगण्याचा वतनदार. सारा गोळा करायचा, शिबंदी बाळगायची आणि सत्ता बदलली तरी वतन टिकवायचे, हा त्याचा पिढीजात व्यवहार. सिंदखेडराजाचे लखुजी जाधव अशाच देशमुखी घराण्यातले. त्यांच्या कन्या जिजाऊंचा जन्म तिथलाच, १५९८ सालचा. पुढे पेंढारी आणि रोहिल्यांच्या टोळ्यांच्या धामधुमीत साध्या गावांनाही तटाची गरज भासली.

गढीचे खरे वैभव तिच्या मातीत होते. पायाशी काळा दगड आणि वर पांढरीची चिकण माती, भुसा घालून तुडवलेली. तळाशी भिंत इतकी रुंद की तोफेचा गोळा तिच्यात रुतून बसावा. दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांच्या देवड्या, मग सदर, चौक, माजघर, देवघर आणि आड. ज्वारी साठवायला जमिनीत पेव खणलेले असे: तोंड अरुंद, पोट मोठे. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे, कारण कोंडलेली हवा जिवावर बेतायची. वारा खेळू दिल्यावर कंदील सोडून पाहायचे आणि तो विझला नाही तरच माणूस उतरायचा. वेढा पडला किंवा दुष्काळ आला, की गावाची भिस्त या पेवांवर असे.

गढीच्या सत्तेला पहिला धक्का हैदराबाद संस्थानचे दिवाण सालारजंग यांच्या जिल्हाबंदीने, म्हणजे जिल्हावार नव्या कारभाराने, १८६५ साली बसला. वसुली पगारी तहसीलदारांकडे गेली आणि वतनदारांच्या हाती ठरावीक रुसूम उरला. १९४८ च्या हैदराबादवरील पोलीस कारवाईनंतर जहागिऱ्या संपल्या, १९५० च्या कूळ कायद्याने जमिनीही विभागल्या. एवढा मोठा वाडा सांभाळण्याइतके उत्पन्न राहिले नाही. कुटुंबे शिक्षणासाठी, नोकरीसाठी नांदेड-हैदराबादला गेली.

माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, दर उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा नवा थर लागतो. तो चुकला की पहिल्याच पावसात पाणी तुळयांपर्यंत उतरते. राहते घर थरावर थर चढून जड होत जाते. हा भार किती घातक ठरतो, ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दाखवले. दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली हजारो माणसे गेली, बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. त्यानंतर मातीच्या घराविषयी लोकांच्या मनात धास्ती बसली, आणि ती रास्तच होती.

वाडे न परवडण्याचा प्रश्न इथलाच नव्हता; इंग्लंडमध्येही विसाव्या शतकात करांच्या ओझ्याने शेकडो सरदारी वाडे पाडले गेले. मात्र १८९५ साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टने १९३७ पासून वाडा स्वीकारून मूळ कुटुंबाला तिथेच राहू देण्याची सोय केली. इथे तसा मधला मार्ग निघाला नाही. बहुतेक गढ्या खासगी मालकीच्या आणि भाऊबंदकीत वाटल्या गेलेल्या. १९६० च्या राज्य पुरातत्त्व कायद्याचे संरक्षण फार थोड्यांना मिळाले. सागवानी खांब आणि कोरीव दरवाजे विकले गेले. माती तर आजही ट्रॅक्टरने शेतात नेली जाते, कारण ही पांढरी माती पिकाला मानवते. अनेक गढ्या त्यांच्याहूनही जुन्या वस्तीच्या टेकाडावर बांधलेल्या आहेत. त्यामुळे उकरताना खापरे, मणी आणि विटा निघतात आणि नोंद न होताच ती नांगराखाली जातात.