तळटीप : लोकलच्या डब्यातला विडीचा धूर

* विडीचा धूर : मीरा रोड-भाईंदरच्या लोकल गाड्यांतल्या या धुराचे वर्णन तरुण वाचकांना अतिरंजित वाटेल, पण ते तसे नाही. १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६७ नुसार सहप्रवाशाने हरकत घेतली, तर डब्यात विडी-सिगारेट ओढता येत नसे. म्हणजे ज्याला खोकला येई, त्यानेच भांडायला उभे राहायचे! गर्दीच्या डब्यात हे धाडस किती जण करणार? मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेसह सार्वजनिक वाहने, रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, सरकारी कचेऱ्या येथे धूम्रपानाला देशभर बंदी घातली, तेव्हा कुठे हा भार प्रवाशाच्या डोक्यावरून उतरला. पुढे २००३चा तंबाखू नियंत्रण कायदा आला, त्याने उपाहारगृहेही कक्षेत घेतली; २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनी खासगी कार्यालयेही. अशी बंदी नवी नाही. तंबाखू हिंदुस्थानात आणली पोर्तुगिजांनी. जहांगीर बादशहाने १६१७ मध्ये तिच्यावर घातलेली बंदी टिकली नव्हती. आजची टिकली आहे. मात्र २००३च्या कायद्यात दंड जास्तीत जास्त दोनशे रुपये, आणि शेजाऱ्याच्या फुप्फुसात धूर सोडण्याची ही शिक्षा फारच अपुरी आहे.