पंचगंगेच्या वरच्या गल्लीत

मराठीत ‘घाट’ म्हटले की आधी आठवतो तो खंडाळ्याचा नाहीतर वरंध्याचा. नदीचा घाट त्यानंतर. बनारसमध्ये हा क्रम उलटतो. कार्तिकातल्या एका सकाळी दशाश्वमेधापासून उत्तरेकडे चालायला लागले. पूर ओसरला होता, खालच्या पायऱ्यांवरचा गाळ पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढणे चालू होते. मणिकर्णिका मागे पडली की नावे ओळखीची होऊ लागतात: शिंदे घाट, भोसले घाट, जटार घाट. शिंदे घाट बायजाबाईंनी १८३० च्या सुमारास बांधायला घेतला आणि तो स्वतःच्याच वजनाने खचला. दगड किती लावावा याचा अंदाज नदीकाठी भल्याभल्यांचा चुकतो.

काशी मराठ्यांच्या राज्यात कधीच आली नाही. पेशव्यांनी ती मिळवण्यासाठी बरीच खटपट केली, ती साधली नाही. कदाचित म्हणूनच इथे इतके बांधून ठेवले असावे. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर काशीत येऊन राहिले आणि १७४० च्या सुमारास दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा भाग दगडी झाला. मागच्या गल्ल्यांत मराठी घरे वसली. शेजारच्या बालाजी घाटावरच्या देवळात पुढे बिस्मिल्ला खाँ लहानपणी सनईचा रियाज करत.

या पट्ट्याचा मध्य म्हणजे पंचगंगा घाट. इथले बिंदुमाधवाचे मोठे देऊळ औरंगजेबाच्या काळात पडले, त्या जागी मशीद उभी राहिली. तिच्या उंच मिनारांना मात्र गावाने नाव दिले ‘माधोराय का धरहरा’. डागडुजी झाली ती जेम्स प्रिन्सेपच्या देखरेखीखाली. १९४८ साली एक मिनार कोसळला, दुसरा पुढे उतरवला गेला. मिनार गेले, नाव राहिले. भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाला अशा ठिकाणी जरा जास्त वेळ रेंगाळावेसे वाटते.

रेंगाळण्याचे दुसरे कारण एकनाथ. पैठणचा हा माणूस भागवताचा अकरावा स्कंध मराठीत आणत होता आणि ते काम त्याने काशीत पुरे केले, शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे १५७३ साली. संस्कृत ग्रंथ प्राकृतात उतरवल्याबद्दल काशीच्या पंडितांनी त्याला जाब विचारला, अशी परंपरागत कथा आहे. कथा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरतेच. त्या काळी काशीच्या पंडितांत सर्वांत वजनदार नाव होते नारायणभट्टांचे, ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिणारे. १५७३ मध्ये ते साठ वर्षांचे होते. आणि त्यांचे वडील रामेश्वरभट्ट पैठणहूनच आलेले! एकाच गावचे दोन धागे एकाच काठावर: एक संस्कृतात विणत गेला, दुसरा मराठीत. नारायणभट्टांच्याच वंशातले गागाभट्ट शंभर वर्षांनी रायगडावर राज्याभिषेकाला गेले.

या वस्तीने नंतर तिसरीच भाषा घडवली, हे आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. बाबूराव विष्णु पराडकर १८८३ साली बनारसलाच जन्मले. घरची भाषा मराठी. पण ‘आज’ या दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी वृत्तपत्राची भाषा ज्यांनी बसवली त्यांत ते पहिल्या रांगेतले. ‘राष्ट्रपति’, ‘मुद्रास्फीति’ असे शब्द रूढ केल्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर. ते देवघरचे, बंगालीत लिहिणारे. त्यांची ‘देशेर कथा’ १९०४ ची, इंग्रज सरकारने पुढे जप्त केलेली. भाच्याने तिचा हिंदी अनुवाद केला. मामा मराठी, भाचा मराठी, पुस्तक बंगालीतून हिंदीत! मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ही दोन माणसे कोणत्या पानावर घ्यायची, हे मला अजून उमगलेले नाही. ती आपल्या हातून गेली असे म्हणायला मात्र मी तयार नाही.

दुपारी ब्रह्माघाटाच्या मागच्या गल्लीत आमच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडे गेले. ऐंशीच्या घरातले गुरुजी. “बसा, चहा पिऊन जा, इतकी जल्दी काय आहे?” म्हणाले. त्यांच्या मराठीत हिंदी अशी मुरलेली, की वेगळी काढायला जावे तर दोन्ही फाटतील. लांबट वही उलगडून त्यांनी पान काढले: शके १८३५, वाईचे माझे पणजोबा. अक्षर मोडी. एम.ए.ला तौलनिक साहित्य, चार भाषांतून भाषांतरे केलेली, आणि पणजोबांच्या हातची एक ओळ मला वाचता येईना.

“सोपी तर आहे,” म्हणत गुरुजी वाचू लागले. मातोश्री, भार्या, आणि बहीण गंगू. मग थांबून पुढचे शब्द: काशीवासास ठेविली.

पणजोबांना बहीण होती हे आमच्या घरात कधी कुणाच्या बोलण्यात आले नव्हते. विधवांना इथे आणून ठेवण्याची चाल मी वाचून होते, तिच्यावरच्या एका कादंबरीचा अनुवादही केला आहे. “पुढे काही लिहिलंय?” मी विचारले. गुरुजींनी पान उलटले, परत पहिल्या पानावर आले. “नाही बेटा. परत नेलं असतं तर लिहिलं असतं.”

मग रिवाजाप्रमाणे त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. मी नाव, तारीख, मूळ गाव वाई आणि हल्ली मुक्काम हैदराबाद असे बाळबोधीत लिहिले. आणि खाली, त्यांना विचारून, गंगूचे नाव पुन्हा एकदा लिहिले, या वेळी वाचता येईल अशा अक्षरात.