वाळूतून पाणी शुद्ध कसं होतं? टेमघरच्या केंद्रापासून घरातल्या फिल्टरपर्यंत

भिवंडीच्या नळाला येणारं पाणी वेगवेगळ्या ठिकाणांहून येतं. मोठा वाटा ‘स्टेम’चा आहे. शहाड आणि टेमघर या दोन गावांच्या नावांवरून हे नाव पडलं. शहाडजवळ उल्हास नदीतून पाणी उचलतात आणि टेमघरच्या केंद्रात शुद्ध करतात. काही पाणी मुंबई महापालिकेकडून मिळतं आणि थोडं वऱ्हाळा तलावातून. मुंबईला लागणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्साही भिवंडी तालुक्यातच साफ होतो. भातसा नदीचं पाणी पिसे इथे उचलून पांजरापूरच्या केंद्रात नेलं जातं.

अशा केंद्रांत पाणी गाळायचं मुख्य काम साध्या वाळूकडे असतं. हे नेमकं कसं होतं आणि मग घरात आणखी कोणता फिल्टर लागतो, ते पाहू.

वाळू म्हणजे चाळणी नाही

फिल्टरमधल्या वाळूचा कण साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रॉनचा असतो. अशा कणांमधली फट सुमारे ७५ मायक्रॉन, जवळपास केसाच्या जाडीइतकी. जिवाणू मात्र १ ते २ मायक्रॉनचा असतो. चाळणीच्या हिशोबाने तो आरामात पलीकडे जायला हवा.

तरीही बरेचसे जिवाणू वाळूत अडकतात, कारण ते कणांना चिकटतात. वाळूच्या थरातून जाताना पाण्याला शेकडो वळणं घ्यावी लागतात. प्रत्येक वळणावर घाण वाळूच्या कणाला धडकते आणि चिकटायची संधी मिळते. पण त्यासाठी आधी एक तयारी करावी लागते.

आधी तुरटी, मग वाळू

गढूळ पाण्यातले मातीचे कण ऋण विद्युतभारित असतात. ते एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून पाणी कितीही वेळ ठेवलं तरी बारीक गाळ खाली बसत नाही. तुरटीतलं ॲल्युमिनियम धन भाराचं असतं. ते हा भार मोडतं आणि कण एकत्र येऊन गुठळ्या बनतात. आजी पाण्यात तुरटी फिरवायची, ते याच कारणाने. केंद्रात हे टप्प्याटप्प्याने होतं:

१. तुरटी किंवा तत्सम रसायन घालून पाणी जोरात घुसळतात.
२. मग हळूहळू ढवळतात, म्हणजे गुठळ्या मोठ्या होतात.
३. मोठ्या टाकीत काही तास पाणी संथ ठेवून गाळ खाली बसवतात.
४. उरलेला बारीक गाळ वाळूच्या थरात अडकतो. हा थर ६० ते ७५ सेंटिमीटर जाड असतो आणि त्याखाली खडी असते.
५. शेवटी क्लोरीन घालतात.

क्लोरीन शेवटी का? पाणी गढूळ असेल तर जंतू मातीच्या कणांआड लपतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपेक्षा जास्त नसावा. दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो.

वाळू भरली की पाणी हळू झिरपायला लागतं. मग खालून उलट्या दिशेने हवा आणि पाणी सोडतात, कण एकमेकांवर घासतात आणि घाण वर येऊन वाहून जाते. म्हणून तीच वाळू अनेक वर्षं चालते.

संथ वाळूचा जुना प्रकार

यात पाणी तासाला फक्त १० ते २० सेंटिमीटर खाली सरकतं, तुरटीही लागत नाही. वाळूच्या वरच्या थरावर सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत पापुद्रा तयार होतो आणि तोच जंतूंना खातो. लंडनमध्ये १८२९ साली असा मोठा फिल्टर सुरू झाला. त्याचं महत्त्व १८९२ मध्ये जर्मनीत दिसलं. हॅम्बुर्ग शहर एल्बे नदीचं न गाळलेलं पाणी पीत होतं, तिथे कॉलराने ८ हजारांहून जास्त माणसं गेली. शेजारचं आल्टोना त्याच नदीचं पाणी वाळूतून गाळून पीत होतं, ते बरंचसं वाचलं.

मग घरात फिल्टर कशाला?

कारण केंद्र ते नळ हा प्रवास मोठा आहे. पाणी ठरावीक तासच येतं. बाकी वेळ पाइपातला दाब उतरतो आणि कुठे गळती असेल तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. म्हणूनच नळापर्यंत थोडं क्लोरीन शिल्लक असणं गरजेचं असतं, लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम. पाण्याला येणारा हलका क्लोरीनचा वास त्यामुळे वाईट समजू नका.

घरातल्या फिल्टरची कामं वेगवेगळी आहेत:

- कापड: गाळ आणि मोठे जीव अडवतं. बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून पाणी गाळल्यावर कॉलरा जवळपास निम्म्यावर आला, असं २००३ च्या अभ्यासात दिसलं. सुटे जिवाणू मात्र यातून जातात.
- कार्बन: वास, चव आणि क्लोरीन काढतो. जंतू मारत नाही.
- यूएफ: सुमारे ०.०१ मायक्रॉनची छिद्रं, जिवाणू अडकतात. क्षार जसेच्या तसे राहतात.
- यूव्ही: प्रकाशाने जंतू निकामी करतो. पाणी स्वच्छ दिसणारंच हवं आणि वीज लागते.
- आरओ: क्षारही काढतो, पण बरंच पाणी वाया घालवतो.

विकत घेण्याआधी

टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतो, जंतू नाही. आकडा ५०० च्या आत असेल तर आरओची सहसा गरज नसते. पावसाळी नद्यांच्या पाण्यात क्षार मुळात कमीच असतात, तिथे यूएफ किंवा यूव्ही पुरतो. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असेल तर आधी मोजा.

काही विक्रेते पाण्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडतात आणि पाणी तपकिरी झालं की ‘बघा किती घाण’ म्हणतात. तो रंग सळीतल्या लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज नीट वाहत नाही आणि रंगही येत नाही. यावरून पाण्यात जंतू आहेत की नाहीत, हे काहीच कळत नाही.

फिल्टर घेणं परवडत नसेल किंवा पाणी अचानक गढूळ आलं, तर सुती कापडाने गाळा आणि खळखळून उकळी आल्यावर किमान १ मिनिट उकळू द्या. गार झालं की झाकून ठेवा आणि ओगराळ्यानेच काढा. हात बुडवला तर आधीची सगळी मेहनत वाया.