ब्रानवेनच्या पत्रात काय लिहिले होते?

वेल्श भाषेतील जुन्या गद्यकथांमध्ये 'माबिनोगीच्या चार शाखा' यांचे स्थान सर्वात वरचे. अकराव्या-बाराव्या शतकात कोणा अज्ञात लेखकाने त्या रचल्या असाव्यात. त्या संपूर्ण रूपात आपल्यापर्यंत पोचल्या त्या दोनच हस्तलिखितांमुळे. एक इ. स. १३५० च्या सुमाराचे 'श्वेत पुस्तक' आणि दुसरे १४०० च्या आसपासचे 'लाल पुस्तक'. आपल्याकडच्या सोळाव्या शतकातील रामायण-महाभारताच्या कथा पोर्तुगालच्या ब्रागा शहरात रोमन लिपीतल्या पोथ्यांत उरल्या, हे ज्याला ठाऊक आहे त्याला दोन पोथ्यांवर तगलेल्या वाङ्मयाचे मोल वेगळे सांगायला नको.

ह्या कथा तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना शिकवायच्या कशा? नावे उच्चारताना जीभ वळत नाही, वंशावळी लांबलचक, आणि माणसे क्षणात रानडुक्कर होतात. सारांश लिहून घेतला की परीक्षेपुरते भागते, कथा मात्र मरते. मला वाटते, ह्या कथांच्या बाबतीत मुलांना लिहायला लावणे हाच शिकवण्याचा खरा मार्ग आहे, आणि त्याचे कारण कथांच्या घडणीतच आहे. पात्रे काय करतात ते कथाकार सांगतो. त्यांच्या मनात काय चालले आहे, ते बहुधा सांगत नाही.

दुसरी शाखा घ्या. ब्रानवेन ही ब्रिटनच्या राजाची बहीण. तिचे लग्न आयर्लंडच्या राजाशी होते. लग्नाच्या वेळी तिचा सावत्र भाऊ पाहुण्यांच्या घोड्यांचे ओठ, कान, शेपट्या कापून टाकतो. भरपाई दिली जाते, पण आयर्लंडमध्ये लोकांच्या मनातला डंख जात नाही, आणि त्याची शिक्षा ब्रानवेनला मिळते. राणीला स्वयंपाकघरात घालतात. खाटीक रोज येऊन तिच्या कानशिलात मारतो. असे तीन वर्षे चालते. त्या काळात ती पीठ मळायच्या परातीच्या कडेला एक साळुंकीच्या जातीचा पक्षी वाढवते, त्याला बोलायला शिकवते, भाऊ दिसायला कसा आहे ते समजावते आणि पंखाच्या मुळाशी पत्र बांधून त्याला समुद्रापार पाठवते.

पत्रात तिने आपली शिक्षा आणि मानहानी लिहिली होती, एवढेच कथाकार म्हणतो. मजकूर देत नाही! ते पत्र मुलांनी लिहायचे. पक्ष्याला पेलेल एवढेच लिहायचे, म्हणजे शंभर शब्दांच्या आत. भाऊ चिडून सैन्य घेऊन आला तर काय होईल, हे तिला कळत होते का? तिच्या लहान मुलाचा उल्लेख ती करील का? पुढे युद्ध होते, मुलगा आगीत जातो, ब्रिटनचे सातच पुरुष परततात, आणि आपल्यापायी दोन बेटे उद्ध्वस्त झाली ह्या दुःखाने ब्रानवेनचे काळीज फुटते. पत्र लिहून झाल्यावर हा शेवट वाचणाऱ्या मुलाला तो आपल्याच हातून घडल्यासारखा वाटेल.

इथे एक सावधगिरी हवी. सर्जनशील लेखन म्हटले की पुष्कळदा आजच्या मुलीच्या तोंडची रडकथा तयार होते. शिक्षकाने त्याआधी इतिहास सांगितला पाहिजे. मध्ययुगीन वेल्श कायद्यात, जो हुवेल द्दा ह्या दहाव्या शतकातील राजाच्या नावाने ओळखला जातो, अपमानाची भरपाई ठरलेली असे. कथेत घोड्यांबद्दल चांदीची काठी आणि राजाच्या चेहऱ्याएवढे रुंद सोन्याचे ताट देऊ करतात, ते ह्या कायद्याला धरूनच. म्हणजे ब्रानवेनच्या पत्रात वेदनेआधी अब्रूचा हिशेब येणार. हे कळलेल्या मुलाचे पत्र वेगळे उतरते.

पहिल्या शाखेतील रिआननची गोष्ट तर मला याहून बोचते. तिचे तान्हे मूल रात्रीत नाहीसे होते. राखणीच्या बायका झोपलेल्या असतात. आपल्यावर बालंट येऊ नये म्हणून त्या कुत्रीची पिल्ले मारून रक्त तिच्या तोंडाला फासतात. तिने आपले मूल मारले असे ठरते. शिक्षा अशी की सात वर्षे वेशीबाहेर घोड्यावर चढायच्या ओट्यापाशी बसायचे, ज्याला माहीत नसेल त्या प्रत्येक वाटसरूला आपली गोष्ट सांगायची आणि त्याला पाठीवर बसवून दरबारात न्यायची तयारी दाखवायची. न केलेल्या अपराधाची कथा स्वतःच्याच तोंडाने सांगायची! ती कोणत्या शब्दांत सांगत असेल, हे पोथीत नाही.

वेल्समधल्या वर्गात ह्या प्रसंगाला आणखी एक अस्तर आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. दुसरा कोणी वेल्श बोलताना सापडला की पाटी त्याच्याकडे जाई, आणि दिवसअखेर जिच्या गळ्यात पाटी त्या मुलाला मार. १८४७ साली तीन इंग्रज आयुक्तांनी, ज्यांना वेल्श येत नव्हते, तिथल्या शिक्षणाचा अहवाल देऊन भाषेलाच दोषी ठरवले. पहिली वेल्श माध्यमाची सरकारी माध्यमिक शाळा निघायला १९५६ साल उजाडले. पाटी गळ्यात असलेल्या मुलाला रिआननच्या शेजारी ओट्यावर बसवून दोघांचे संभाषण लिहायला सांगितले, तर पौराणिक कथा आणि शाळेचा इतिहास एकाच कागदावर येतात.

कथेत हात घालायची परंपराही जुनीच. लेडी शार्लट गेस्ट ह्या इंग्रज बाईने वेल्श शिकून १८३८ पासून ह्या कथा इंग्रजीत आणल्या. पुस्तक आपल्या मुलांना अर्पण केले, आणि चौथ्या शाखेतील बलात्काराचा प्रसंग गाळला. वर्गातही काय गाळायचे हा प्रश्न सुटत नाही. माझ्या मते वरच्या वर्गांत गाळू नये. त्याच शाखेत फुलांपासून बनवलेली ब्लोदाइवेद येते. कोणाची बायको व्हायचे हे तिला कोणी विचारत नाही, आणि शेवटी तिला घुबड करतात. तिच्यावरून अ‍ॅलन गार्नरने १९६७ साली किशोरांसाठी 'द आउल सर्व्हिस' लिहिली.

वेल्समधील सेरेन प्रकाशनाने २००९ ते २०१३ ह्या काळात समकालीन लेखकांकडून ह्या कथा नव्याने लिहून घेतल्या. त्यातले 'फाउंटनव्हिल' हे तिशानी दोशी यांचे. त्यांचा जन्म चेन्नईचा, वडील गुजराती, आई वेल्श. झऱ्याच्या राणीची जुनी कथा त्यांनी दुसऱ्यांसाठी गर्भ वाढवणाऱ्या बायकांच्या गावात नेली आहे.