जुन्या मोटारीची ऑइलगळती : घरच्या घरी काय करता येईल?

जळगाव, भुसावळ, धुळे परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे नवे नाही. या उष्म्याचा ताण जुन्या मोटारींनाही सोसावा लागतो. इंजिनाच्या जोडांमध्ये बसविलेली रबर वा कॉर्कची पॅकिंग आधीच इंजिनाच्या उष्णतेने कडक झालेली असतात. कालांतराने ती आक्रसतात, त्यांना तडे जातात आणि ऑइलला बाहेर पडण्यास वाट मिळते. मारुती ८०० या मोटारीचे उत्पादन १९८३ मध्ये सुरू झाले व २०१४ मध्ये थांबले. म्हणजेच या मालिकेतील अखेरच्या गाडीनेही दहा वर्षे ओलांडली आहेत. अशा गाड्यांच्या मालकांनी गळतीकडे दुर्लक्ष करणे महागात पडू शकते.

थेंब किरकोळ, नुकसान मोठे

या मोटारीच्या इंजिनात सुमारे तीन लिटरच ऑइल मावते. त्यामुळे थोडी गळतीही पातळी लवकर खाली आणते. डॅशबोर्डवरील ऑइलचा लाल दिवा पातळी नव्हे, तर दाब कमी झाल्याचे दाखवितो. तो धावत्या गाडीत लागला तर इंजिन तत्काळ बंद करावे. अन्यथा बेअरिंग जळून इंजिन जाम होण्याची भीती असते. तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडणारे ऑइल धूर व प्रसंगी आगीलाही कारण ठरते.

गळतीचे मूळ शोधा

रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरावा. सकाळी दिसणारा तपकिरी वा काळा डाग इंजिन ऑइलचा असतो. हिरवट पाणी कूलंटचे, तर स्वच्छ पाणी एसीचे असते. चाकाजवळ पातळ, फिकट द्रव आढळल्यास तो ब्रेक ऑइलचा असू शकतो. अशी गाडी चालवू नये.

ऑइल वरून खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे पसरते. म्हणून जेथे थेंब दिसतो, तेथेच गळती असते असे नाही. थंड इंजिन डिझेलमध्ये भिजविलेल्या फडक्याने स्वच्छ पुसून कोरडे करावे. डिझेलचा अंश पूर्ण सुकल्यावर गाडी थोडी चालवावी आणि वरून खाली तपासत यावे. संशयित जागी टाल्कम पावडर भुरभुरल्यास ओली रेघ चटकन उमटते.

घरी होणारी कामे

टॅपेट कव्हर : सर्वाधिक गळती बहुधा येथूनच होते. थंड इंजिनावरील कव्हर काढून जुने पॅकिंग खरवडावे, दोन्ही पृष्ठभाग पुसून नवे पॅकिंग बसवावे. बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळावेत. जादा जोर दिल्यास कव्हर वाकते व गळती वाढते. सीलंटचा थर जाड लावू नये. त्याचे तुकडे ऑइल पंपाची जाळी बंद करतात.

ऑइल फिल्टर : जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे पाहावे. नव्या रिंगला ऑइलचे बोट लावावे. फिल्टर टेकल्यानंतर साधारण पाऊण फेरा, तोही हातानेच आवळावा.

ड्रेन प्लग : प्रत्येक वेळी नवा वॉशर वापरावा. आटे गेले असतील, तर बळजबरी करू नये.

ऑइल भरताना डिपस्टिकवरील वरच्या खुणेपलीकडे जाऊ नये. जादा ऑइलही गळतीचे कारण ठरते. इंजिनाचा ब्रीदर पाइप तुंबल्यास आत दाब वाढतो व नवे पॅकिंगही टिकत नाही. त्यामुळे तोही साफ करावा.

गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नये. गाडी सपाट जागी, स्टँडवर व चाकांना ओट लावूनच उभी करावी.

मिस्त्रीकडे केव्हा?

क्रँकच्या मागील ऑइल सीलमधून गळती असल्यास गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ऑइल क्लचप्लेटवर गेले तर क्लच घसरतो. पुढील सीलचे ऑइल टायमिंग बेल्टवर पडल्यास बेल्ट खराब होतो. ही कामे अनुभवी मिस्त्रीकडेच सोपवावीत. ऑइलमध्ये मिसळण्याची गळतीरोधक रसायने सील काही काळ फुगवितात. तडा गेलेल्या पॅकिंगवर तो कायमचा उपाय नव्हे.

वापरलेले ऑइल गटारीत नको

वापरलेले ऑइल हा कायद्याने घातक कचरा आहे. ते गटारीत ओतल्यास नाल्यांमार्गे पांझरा वा गिरणेत पोहोचू शकते, तर जमिनीत मुरल्यास विहिरींचे पाणी नासते. ते झाकणाच्या डब्यात साठवून वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

दुरुस्तीनंतर आठवडाभर रोज सकाळी, सपाट जागी डिपस्टिक पाहावी. पातळी स्थिर राहिली आणि पुठ्ठा कोरडा राहिला, तरच काम पूर्ण झाले असे समजावे.